टी.व्ही. कुणाच्या जागेवरून बघायचा?

२०२५च्या दिवाळीत आमच्याकडे नवा टी.व्ही. आला. पैसे माझे. पाचगणीतल्या एका निवासी शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं पोळ्या लाटल्या, त्यातले साठवलेले. पण दुकानदार बोलत होता माझ्या मुलाशी. "दादा, आता पंचावन्न इंचीच घ्या, मोठ्यावरचा जीएसटी उतरलाय." तेवढं खरं होतं. २२ सप्टेंबरपासून ३२ इंचांवरच्या टी.व्ही.चा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला होता. मला त्यानं विचारलं ते एवढंच, "काकू, चहा घेणार?"

मैत्रिणींनो, पडद्याचं माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरकं घेतात. जुना डबा ४:३ आकाराचा, म्हणजे जवळजवळ चौकोनी. आताचा १६:९, लांबट. म्हणून आकड्यावर भुलू नका. जुन्या २१ इंचीची उंची साडेबारा इंच होती, आजच्या २४ इंचीची बाराही भरत नाही. आणि पंचावन्न इंची म्हणजे रुंदीला चांगला चार फूट. आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत तो लावला असता तर भांड्यांची मांडणी हलवावी लागली असती. मांडणी हलवायची म्हटलं की घरातल्या कुणालाच त्यात काही वाटत नाही, हे एक विशेषच.

माझा खरा प्रश्न वेगळा होता. पलंगावर समोर बसून बघतात ते मुलगा आणि त्याचे वडील. सासूबाई कोपऱ्यातल्या खाटेवर, मोतीबिंदूचे डोळे बारीक करून. मी ओट्यापाशी, अगदी कडेला, अर्धं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे. एल.ई.डी. म्हणून जो विकतात तो मुळात एल.सी.डी.च, फक्त मागचा उजेड एल.ई.डी.चा. त्यात पॅनेलचे प्रकार असतात. व्ही.ए. पॅनेलचा काळा रंग गडद दिसतो, पण बाजूनं पाहिलं की चित्र फिकं पडतं. आय.पी.एस.चा काळा तितका गडद नाही, पण कडेनंही रंग बरे राहतात. ओ.एल.ई.डी.चा एकेक ठिपका स्वतःच उजळतो. तो सगळीकडून छान दिसतो, किंमत मात्र आपल्यासाठी नाही.

तर मी दुकानात सरळ बाजूला जाऊन उभी राहिले, ओटा जिथे येईल तितक्या अंतरावर आणि तितकीच तिरकी. दुकानदार हसला. "असं कोण बघतं, काकू?" मी म्हटलं, "मी बघते, रोज." चार टी.व्हीं.पैकी दोन तिथून धुतल्या कापडासारखे दिसले. घेतला तो ४३ इंची, आय.पी.एस. सासूबाईंना खालची अक्षरं वाचता यावीत म्हणून ३२ सोडला. भिंतीत ठोकला नाही, टेबलावर ठेवला. पाचगणीच्या पावसात भिंती कशा ओल धरतात ते तुम्हाला सांगायला नको.

बचत गटात हे सांगितलं तर एकजण म्हणाली, टी.व्ही.त कसले आलेत हक्क? मला वाटतं, घरातली सगळ्यांत चांगली बसायची जागा कुणाची आणि का, हे विचारायला याहून सोपी वस्तू नाही.

परवा यूट्यूबवर 'रजनी' लावली, १९८५ची, प्रिया तेंडुलकरांची. चित्र चौकोनी, कडेला काळे पट्टे. मुलानं ते ताणून पडदाभर केलं, तर रजनी एकदम जाडजूड झाली. मी परत होती तशी करायला लावली. तो म्हणाला, "आई, एवढा पडदा वाया जातोय."

म्हटलं, जाऊ दे.