सूर्य आमचा, वावर आमचे. हमी मात्र कंपनीला

वर्धा रोडवरच्या बुटीबोरीचे नाव आजकाल सौर पॅनेलसाठी घेतले जाते. 'अवाडा' कंपनीच्या तिथल्या कारखान्याला राज्य सरकारने २०२४ साली मंजुरी दिली. पॅनेल बनवणारी देशातली सर्वांत मोठी कंपनी 'वारी'. तिनेही नागपूरला कारखाना काढण्याचे जाहीर केले आहे. आमचा त्याला विरोध नाही. कारखाने यावेत, पोरांना कामे मिळावीत. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन ओलिताला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळाली तर ती आम्हाला हवीच आहे.

आमचा प्रश्न वेगळा आहे. या कंपन्या मोठ्या झाल्या त्या कशाच्या बळावर?

जगातली बहुतेक पॅनेल चीनमध्ये बनतात आणि ती स्वस्त पडतात. उघड्या बाजारात आपल्या कंपन्यांना त्यांच्यापुढे टिकणे कठीण होते. मग सरकारने काय केले? एप्रिल २०२२ पासून परदेशी पॅनेलवर ४० टक्के आयात शुल्क लावले. उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन म्हणून दोन हप्त्यांत २४,००० कोटी रुपयांची तरतूद केली. आणि जो सौर प्रकल्प उभारील, त्याची वीज ठरलेल्या दराने पंचवीस वर्षे घेण्याचा करार करून दिला. मार्च २०२४ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली नऊ हजार मेगावॅटची कामे दिली गेली. अवाडा, मेघा इंजिनीअरिंग यांसारख्या कंपन्यांना ती मिळाली. दर युनिटमागे तीन रुपयांच्या आसपास. ऊन पडले, वीज झाली, की पैसे ठरलेले.

आता आपल्या कापसाकडे पाहा. कापसाच्या आयातीवर ११ टक्के शुल्क होते. ऑगस्ट २०२५ मध्ये, पऱ्हाटीला बोंडे धरायच्या वेळी, सरकारने ते काढून टाकले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपला कापूस घरात येण्याच्या नेमक्या दिवसांत परदेशी गाठींना दार सताड उघडे! गिरण्यांना स्वस्त रुई हवी म्हणून शुल्क शून्य, आणि पॅनेलवाल्यांना भाव हवा म्हणून शुल्क चाळीस. एकाच देशात, एकाच सरकारचे हे दोन न्याय आहेत. कंपनीला पंचवीस वर्षांची हमी आणि शेतकऱ्याला पंचवीस दिवसांचीही नाही.

आम्ही संरक्षणाची भीक मागत नाही. बाजार खुला करायचा तर दोघांसाठी करा. हमी द्यायची तर दोघांना द्या.

आता जमिनीच्या भाड्याचा हिशेब मांडू. या योजनेत खाजगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख, म्हणजे एकरी पन्नास हजार रुपये वर्षाला मिळतात. दरवर्षी तीन टक्के वाढ. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल कापूस धरला आणि २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये पुरता पदरात पडला, तरी होतात साडेचाळीस हजार. त्यातून बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचाई जायची. न पेरता पन्नास हजार आणि राबून त्याहून कमी! यात कंपनीचे औदार्य शोधू नका. कापसाला काय भाव दिला जातो, त्याचा हा पुरावा आहे. आणि ज्वारीचा हिशेब तर मांडायलाच नको.

तेव्हा सबस्टेशनजवळच्या एखाद्या शेतकऱ्याने वावर भाड्याने दिले तर त्याला नावे ठेवू नका. पण सही करण्याआधी त्याने दुसऱ्या बाजूचाही हिशेब पाहावा. एक मेगावॅटला पाचेक एकर जमीन लागते. त्यातून वर्षाला सोळा लाख युनिटांच्या आसपास वीज निघते. तीन रुपयांनी ती अठ्ठेचाळीस लाखांची झाली. जमीनवाल्याच्या हाती अडीच लाख. रुपयात पाच पैसे. भांडवल कंपनीचे, कर्जाचे व्याज तिचे, हे आम्हाला मान्य आहे. पण त्या पाच एकरांत निंदायला, वेचायला येणाऱ्या बायांची मजुरी पंचवीस वर्षांसाठी उठते, तिचा हिशेब कोणत्याच करारात नसतो.

१८७७ साली नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस वऱ्हाड-नागपूरचा, पण सुताचा आणि कापडाचा नफा मिलवाल्यांचा. आपण कच्चा माल विकणारेच राहिलो. आता ऊनही कच्चा माल म्हणूनच विकायचे काय?

दुसरी वाट आहे. २०१९ च्या कुसुम योजनेत शेतकऱ्यांच्या गटांना, सहकारी संस्थांना, उत्पादक कंपन्यांना अर्धा ते दोन मेगावॅटचा प्रकल्प स्वतः उभारून वीज विकण्याची मुभा ठेवली होती. अडचण भांडवलाची, मेगावॅटला साडेतीन-चार कोटी लागतात. कंपनीला बँक कर्ज देते ते पंचवीस वर्षांचा वीजखरेदी करार पाहून. तोच करार गावाच्या संस्थेच्या हाती असेल तर बँकेने सात-बारा का मागावा?

म्हणून जिल्हा मेळाव्यापुढे आम्ही तीन मागण्या ठेवतो. एक, कापूस हंगामात असताना आयात शुल्काला हात लावू नये. लावायचा तर पॅनेलचेही शुल्क त्याच दिवशी काढावे. दोन, भाडेकरारात ठरावीक भाड्याबरोबर विजेच्या विक्रीत टक्केवारी असावी, आणि मुदत संपल्यावर खांब व काँक्रीट काढून वावर पूर्ववत करून देण्याची जबाबदारी कंपनीवर लेखी असावी. तीन, गावाजवळच्या सबस्टेशनवर पहिला हक्क त्या गावच्या शेतकऱ्यांच्या संस्थेचा. ती नाही म्हणाली तरच बाहेरची कंपनी.

मेळाव्याला येताना गावात कोणाकडे असा भाडेकरार असेल तर त्याची नक्कल आणा. कलमे एकत्र बसून वाचू. पऱ्हाटी उपटून झाल्यावर भाव विचारण्याची चूक आपण पुष्कळ वेळा केली आहे. उन्हाच्या बाबतीत ती करायची नाही.