शिंपटीचे वकील

सांताक्रूझ पूर्वेला सोसायटीची पूजा असो, शाळेचं पालकसंमेलन असो की ज्येष्ठ नागरिकांचा मेळावा, एक वक्ते सध्या ठरलेले आहेत. नाव घ्यायचं कारण नाही. विषय त्यांचा एकच, हल्लीचे पालक आणि बिघडलेली मुलं. मांडणीही ठरलेली. पूर्वी घरात दहा माणसं होती, धाक होता, फटके होते, म्हणून मनाचे आजार नव्हते. आता घरात तीन माणसं, आई नोकरीला, मुलाच्या हातात मोबाईल आणि जरा खुट्ट झालं की समुपदेशक. मारू नका, ओरडू नका, ही सगळी परदेशी पुस्तकांतली खुळं. आम्ही मार खाल्ला, आमचं काय वाकडं झालं? आणि शेवटी, टाळ्यांसाठी राखून ठेवलेलं वाक्य: श्यामच्या आईनंही श्यामला फोडून काढलं होतं, म्हणून तर साने गुरुजी घडले!

टाळ्या पडतात. मग चहा.

किरकोळ मुद्दे आधी उरकून टाकू. ज्यांचं वाकडं झालं ते सहसा माईकपर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे माईकवरून असा प्रश्न विचारून काही सिद्ध होत नाही. मोबाईलबद्दल वक्त्यांशी भांडण नाही. तो मुलाच्या हातात जेवू घालताना कोणी दिला, एवढंच ते सांगायचे राहतात. आणि आईची नोकरी हा गुन्हा असेल, तर सकाळची लोकल पकडणारे बाबा सहआरोपी ठरतात.

आता श्यामची आई. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिलं. बेचाळीस रात्री श्याम आपल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो, अशी त्याची रचना. त्यातला पोहण्याचा प्रसंग वक्त्यांना तोंडपाठ आहे. निदान त्याचा पूर्वार्ध. श्याम पाण्याला भितो, विहिरीवर जायचं टाळून माळ्यावर लपतो, आई शिंपटी घेऊन त्याला बाहेर काढते, मारते आणि विहिरीवर धाडते. वक्त्यांची गोष्ट इथं संपते. पुस्तकातली संपत नाही. पोहून आलेला, रुसलेला श्याम घरात असतो. आई त्याला जवळ घेते, पाठीवरचे वळ पाहून तिचेच डोळे भरून येतात. ती त्याला दही देते आणि का मारलं ते समजावून सांगते. आपल्या मुलांना लोकांनी भित्रं म्हणावं, हे तिला सोसत नाही. मारणं काही क्षणांचं आहे. त्यानंतरचा समेट लेखकाला जन्मभर पुरला आहे. मुलाला कारण सांगावं लागतं, आपल्या हातून झालेल्या कठोरपणाचं ओझं आपणही वाहावं लागतं, हे त्या बाईला कोणत्याही शिबिराला न जाता ठाऊक होतं.

शिवाय बेचाळीस रात्रींतली ही एक रात्र. बाकीच्यांत काय आहे? आंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या मुलासाठी आई दगडावर आपलं ओलं लुगडं पसरते आणि तळव्यांना जपतोस तसं मनालाही जप म्हणते. कळ्या खुडून आणणाऱ्या मुलाला झाडावरच्या कळ्यांची बाजू समजावते. पत्रावळ लावायला शिकत नाही म्हणून जेवणच अडवते. तिथं नियम कडक आहे आणि हात उगारलेला नाही. अळणी भाजीच्या रात्री तर मुलाला कोणी काही शिकवतच नाही. भाजीत मीठ घालायला आई विसरली आहे. तिला वाईट वाटू नये म्हणून वडील चकार शब्द न काढता जेवतात आणि मुलंही त्यांचं पाहून तेच करतात. आईबाप एकमेकांशी कसे वागतात यावरून मूल काय शिकतं, याचा इतका नेमका प्रसंग मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शोधून सापडायचा नाही. वक्त्यांना एवढ्या ऐवजातून नेमकी शिंपटी सापडावी, हे त्यांच्या नजरेबद्दल बरंच काही सांगतं. कदाचित त्यांच्या मनात 1953 चा आचार्य अत्र्यांचा चित्रपट जास्त पक्का बसला असावा. छडीचं ते सुप्रसिद्ध गाणं चित्रपटातलं आहे; पुस्तकात ते नाही.

गंमत अशी, की याच पुस्तकावर पूर्वीच्या वाङ्मयीन मंडळींचा आक्षेप नेमका उलटा होता. पुस्तक फार रडकं, त्यानं पोरं हळवी होतात, असा तो वाद कित्येक वर्षं चालला आणि निकाल न लागताच विझला. तेव्हा जी आई मुलांना मऊ करत होती, ती आता फटके देणाऱ्यांची कुलदेवता झाली आहे. पुस्तक तेच, गरज बदलली.

एकत्र कुटुंबात मनाचे आजार नव्हते म्हणणाऱ्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा उघडावीत. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना 1857 च्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्यानं असं पछाडलं, की घरात येणारं मीठ-साखरसुद्धा धुतलं जाई आणि सगळं घर त्या एका माणसाच्या भीतीभोवती फिरत राही. आज त्याला नाव मिळालं असतं, उपचारही. सासरची कथा वेगळी नाही. वडिलांच्या जाचाच्या घरातून, आई गेल्यावर, लहानगा नारायण निघून गेला. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणून तो महाराष्ट्राला ठाऊक झाला, पण न सांगता घरातून निघून जाण्याची त्यांची सवय लक्ष्मीबाईंनी उभा संसारभर सोसली. आजार होते. नोंदवही नव्हती.

आणि मुंबईत तरी हे दहा माणसांचं सुखी घर कधी होतं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जनगणनांत या शहरातल्या स्त्रियांची संख्या पुरुषांच्या जेमतेम निम्मी भरते. गिरणीत राबणारा बाप खाणावळीत जेवायचा, चाळीच्या खोलीत पाळीपाळीनं झोपायचा आणि त्याची मुलं कोकणात मनिऑर्डरची वाट पाहत वाढायची. 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांच्या घरांतल्या मुलांवर काय ओढवलं, हे वक्त्यांच्या वयाच्या माणसाला कोणी सांगायला नको. कुटुंब एवढं निर्वेध आधार देत असतं, तर राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 2022 च्या अहवालात आत्महत्यांच्या कारणांत, विवाहासंबंधीचे प्रश्न वेगळे मोजूनही, ‘कौटुंबिक समस्या’ 31.7 टक्क्यांनी सर्वांत वर आली नसती. घर आधार असतं, तसं दुखण्याचं मूळही असतं. कोणतं, हे डोकी मोजून कळत नाही.

परदेशी खुळाचं म्हणाल, तर तो पत्ता चुकला आहे. शिक्षेशिवाय आणि बक्षिसाच्या लालचीशिवाय मुलं वाढवायचा प्रयोग ताराबाई मोडक यांनी 1936 मध्ये दादरच्या शिशुविहारात आणला. 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या, 1957 मध्ये कोसबाडला, सोबत अनुताई वाघ. वारली पाड्यांवर, मुलं येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तिथली. पाड्यांवरचं हे काम विरार लोकलच्याही पुढे घडलं, एवढ्यापुरतंच त्याला परदेशी म्हणता येईल.

आकडे हवे असतील, तर केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा 2007 चा अभ्यास आहे. महाराष्ट्रासह तेरा राज्यांतली 12,447 मुलं. त्यांतल्या दर तिघांपैकी दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. म्हणजे धाक कमी झाला, ही तक्रारच मुळात खोटी. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी 2016 मध्ये पन्नास वर्षांतली संशोधनं एकत्र तपासली. सुमारे 1,60,000 मुलांच्या त्या हिशेबात फटक्यांचा संबंध आक्रमकपणाशी, मनाच्या तक्रारींशी आणि आईवडिलांशी बिघडलेल्या नात्याशी लागला. आज्ञाधारकपणा काही वाढलेला दिसला नाही. शाळेत तर शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं मारायला आणि मानसिक छळाला बंदीच आहे. घरासाठी तसं कलम नाही, म्हणून सगळी मर्दुमकी घरात.

मग करायचं काय? डायना बॉमरिंड यांनी 1960 च्या दशकात बर्कलीत बालवाडीच्या वयाची मुलं आणि त्यांचे पालक पाहिले. नियम ठाम ठेवणारे, पण कारण सांगणारे आणि मुलाचं ऐकून घेणारे पालक त्यांना सर्वांत उजवे वाटले. नुसते हुकूम सोडणारे आणि काहीही चालवून घेणारे, दोघेही मागे पडले. हे वर्गीकरण सगळीकडे जसंच्या तसं लागू होत नाही, हे 1994 मध्ये रूथ चाओ यांनी चिनी कुटुंबांवरून दाखवलं. तिथला कडकपणा मुलांना काळजीसारखा वाटतो, कारण आई मुलामागे तेवढीच झिजते. वक्त्यांना हा आधार गोड वाटेल, पण त्यात झिजण्याची अट आहे. परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ तसे होते. शिस्तीला कडक, पण भीमाला अभ्यासाला उठवायचं म्हणून रात्री दोनपर्यंत स्वतः जागे राहणारे, त्याच्या पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण टाकणारे. सगळं काही पालकांच्या हातात असतं असंही नाही. सवंगडी आणि जन्मजात स्वभावही आपला वाटा उचलतात. जुडिथ रिच हॅरिस यांनी 1998 मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहून पालकांचं बरंचसं ओझं उतरवलं. जे हातात उरतं ते एवढंच, घरातल्या बोलण्याचा सूर.

वक्त्यांना यातलं काही पटलं नाही, तर सांताक्रूझहून लांब जायची गरज नाही. कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग आहे, आणि पश्चिमेला एसएनडीटीच्या जुहू परिसरात गृहविज्ञान महाविद्यालयात मानव विकास हा विषय शिकवला जातो. दोन्हीकडे रिक्षा जाते. सोसायट्यांच्या सेक्रेटरींना मात्र एक विनंती. पाण्याच्या वेळांच्या सूचनेशेजारी दोन क्रमांक लावा: मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन, जी 1996 साली याच मुंबईत सुरू झाली, आणि 14416 हा केंद्र सरकारचा टेली-मानस. दोन्ही मोफत आहेत.