तत्त्वें तागडींत उतरलीं पाहिजेत

सभेंत समतेवर तासभर बोलणारे वक्ते गांवोगांव आहेत. परंतु त्यांच्यापैकीं कितीजणांच्या दुकानांत माप पुरें भरतें, आणि कितीजण आपल्या गड्याची मजुरी ठरल्या दिवशीं देतात, असा प्रश्न केल्यास पुष्कळांस राग येईल. तो राग पत्करून आम्ही हे दोन शब्द लिहीत आहों.

मालक-मजूर हा भेद जाऊन समाज सहकारानें चालावा, असा थोर विचार रॉबर्ट ओवेन यानें मांडला. त्याच विचारावर त्यानें १८२५ सालीं अमेरिकेंत इंडियाना प्रांतांत न्यू हार्मनी ही वसाहत वसविली. पैसा ओतला, विद्वान जमविले, राज्यघटनेवर घटना झाल्या. पण राबणारे कसबी हात कमी पडले आणि दोन-तीन वर्षांत ती वसाहत मोडली.

तोच विचार इंग्लंडांतील रॉचडेल या गिरणगांवच्या २८ गरीब माणसांनीं उचलला. त्यांत कित्येक विणकर होते. आठवड्यास दोन-तीन पेन्स बाजूस टाकून त्यांनीं २८ पौंड जमविले आणि २१ डिसेंबर १८४४ रोजीं दुकान उघडलें. माल काय, तर लोणी, साखर, पीठ आणि मेणबत्त्या! पिठांत भेसळ आणि वजनांत मार हा तेव्हां व्यापाराचा रिवाजच होता. यांनीं नियम केले: माल निर्भेळ, वजन पुरें, उधारी बंद, नफा खरेदीच्या प्रमाणांत, भाग कितीही असोत, मत एकास एक, आणि स्त्रीसही तेंच. जगभरच्या सहकारी चळवळीचे नियम याच दुकानांतून निघाले.

आपल्याकडे १९०४ च्या कायद्यानें सहकारी पतसंस्था आल्या. पुढें साखर कारखाने व दूधसंघ झाले. नियम तेच आहेत. परंतु जेथें सभासद हिशेब न विचारतां नुसता हात वर करून घरीं जातो, तेथें सहकार हा शब्द पाटीवरच राहतो. दोष पुढाऱ्यांचा खरा; पण हात आपलाच असतो, हें विसरूं नये.

कोणी म्हणेल, मोठा विचार किराणा दुकानांत कोंडणें हा त्याचा अपमान आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या बाईला त्या दुकानांत प्रथमच पुरें शेरभर पीठ मिळालें असेल, तिला समतेचा अर्थ व्याख्यानावांचून कळला असेल.

म्हणून वाचकांस विनंती इतकीच: आपण मानतों असें एकच तत्त्व घ्यावें आणि तें आपल्या घरांत व धंद्यांत कोणत्या नियमानें दिसतें तें पाहावें. न दिसल्यास व्याख्यान पुढें ढकलावें. आधीं नियम करावा.