मानवत रोडच्या अलीकडून

जालना स्टेशनातून परभणीकडं जाणारी गाडी धरली की परतूर लागतं, सेलू लागतं, मग मानवत रोड. आमच्या आयांना त्या नावाची धास्ती होती. नोव्हेंबर 1972 ते जानेवारी 1974 या काळात मानवतच्या शिवारात दहा जीव मारले गेले. दहाएक वर्षांच्या पाच पोरी, चार बायका, एक तान्हं लेकरू. दुष्काळाचं साल होतं. गावंच्या गावं खडी फोडायला गेली होती. शेण गोळा करायला, पाणी आणायला गेलेली पोर घरी येईना, एवढंच घरच्यांना कळत होतं.

आम्ही जुन्या जालन्यात राहणारी, सिनेमा करू पाहणारी आठ-दहा माणसं आहोत. अशा खऱ्या खूनसत्रांवर आम्ही सिनेमे करणार, मराठवाड्याच्या बोलीत आणि आपल्याच पदरच्या पैशानं, हे आज जाहीर करतो. त्या सिनेमांत खून दिसणार नाही.

मारेकऱ्याला मोठं करणारे सिनेमे आम्ही पुष्कळ पाहिले. त्यांत त्याची नजर असते, त्याची चाल असते, त्याच्यासाठी खास वाजवलेलं संगीत असतं. मेलेली बाई मात्र दोन मिनिटांत विसरली जाते. आम्हाला हे सहन होत नाही. चौदा महिने ते गाव जगलं कसं, हे आम्हाला विचारायचं आहे. शेजारी शेजाऱ्याकडं कसं बघत होता? कोणत्या आईनं पोरीची शाळा बंद केली?

वाट अगदीच नवी नाही. मानवतच्याच घटनांवर 1981 साली अमोल पालेकरांनी ‘आक्रीत’ केला. दिग्दर्शक म्हणून त्यांचा तो पहिला सिनेमा, लेखन विजय तेंडुलकरांचं. सत्ता, संपत्ती, मूल होण्याची आस आणि अंधश्रद्धा एका वाड्यात कशी नांदतात, हे त्यांनी पाहिलं. त्याच साली आमचा जिल्हा झाला आणि तोवर परभणीत असलेलं परतूर आमच्याकडं आलं. म्हणजे ही आमच्याच अंगणातली गोष्ट आहे. मुंबईच्या फुटपाथवर झोपलेल्यांना मारणाऱ्या रामन राघववर श्रीराम राघवन यांनी 1991 साली छोटेखानी सिनेमा केला. रघुवीर यादवांनी त्यात राक्षस उभा केला नाही, माणूस उभा केला. ऑस्ट्रेलियात जस्टिन कर्झेलनं 2011 साली ‘स्नोटाउन’साठी, ते खूनसत्र जिथं घडलं त्याच ॲडलेडच्या गरीब वस्त्यांतली, कधी कॅमेऱ्यापुढं न आलेली माणसं घेतली. आम्हीही मोंढ्यातल्या हमालाला, अंगणवाडीतल्या ताईला उभं करू. 2024 साली ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली. पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींच्या तपासाची ती गोष्ट आहे, तिला तिची जागा आहे. आम्हाला मात्र पोलिसांची जीप येण्याआधीचं गाव हवं.

संयम म्हणजे निव्वळ रक्त न दाखवणं नव्हे. मानवतचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, 1977 मध्ये निकाल लागला. माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाला दुसऱ्या पुराव्याचं बळ हवं, हे सांगताना वकील आजही त्या निकालाचा आधार घेतात. ज्यांना कटाचे सूत्रधार म्हटलं गेलं, त्यांच्यावरचा आरोप शेवटी टिकला नाही. मग पडद्यावर त्यांच्या हाती सुरी देणारे आम्ही कोण? न्यायालयानं जिथं शंका ठेवली, तिथं आमचा कॅमेराही शंका ठेवील.

आणि पारधी. त्या प्रकरणात काही पारधी माणसांची नावं आली आणि लोकांच्या तोंडी अख्खी जमात आरोपी झाली. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी पालावर कुणीही जाऊन झडती घ्यावी ही रीत काही गेली नाही. पारधी माणूस पडद्यावर फक्त गुन्हेगार म्हणून येणार असेल, तर तो सिनेमा आमचा नाही. पटकथा लिहिताना पारधी समाजातली लिहिती माणसं आमच्या बरोबरीनं बसतील, नुसती सल्ल्यापुरती नव्हेत.

मंत्रतंत्राचा धूर, कवटी, किंकाळी यांतलं काही आम्ही वापरणार नाही. मानवतचे खून गुप्तधनासाठी दिलेले बळी होते, असा आरोप होता. पण असा बळी द्यावा असं वाटणारा माणूस दिवसा तुमच्या-आमच्यासारखाच चहा पितो, उधारी मागतो. तो तसाच दिसला पाहिजे. भीती त्यातच आहे. मेलेल्या कुणाचंही खरं नाव त्यांच्या घरच्यांच्या होकाराशिवाय आम्ही घेणार नाही.

आमचा पहिला सिनेमा एका शाळामास्तराचा असेल. हजेरी घेताना एका नावापाशी ते थांबतात. दुसऱ्या महिन्यात आणखी एका नावापाशी. नाव खोडावं की राहू द्यावं, हे त्यांना ठरवता येत नाही.

कच्ची पटकथा झाली की पहिलं वाचन इथंच, गांधी चमनजवळ आमच्यापैकी एकाच्या गच्चीवर होईल. त्यानंतर पटकथा घेऊन आम्ही मानवतला जाऊ, तिथल्या म्हाताऱ्या बायांसमोर वाचू. त्यांनी एखादा प्रसंग नको म्हटला तर तो काढू. सगळंच नको म्हटलं तर परत येऊ आणि पुन्हा लिहायला बसू. ज्यांना यायचं आहे त्यांनी वही घेऊन यावं.