विष मोजणार कोण?

संप्रेरकांच्या कार्यात ढवळाढवळ करणारी रसायने पाण्यात अत्यल्प असली तरी घातक ठरू शकतात. ती ओळखण्याचे एक साधन म्हणजे जैवसंवेदक. १९९६ साली ब्रिटनमधील राउटलेज व सम्प्टर या संशोधकांनी यीस्टवर आधारित अशी एक चाचणी प्रसिद्ध केली. या यीस्टच्या पेशीत मानवी इस्ट्रोजेनचा ग्राहक बसवलेला असतो. इस्ट्रोजेनची नक्कल करणारे द्रव्य त्याला चिकटले की पेशी एक विकर निर्माण करते आणि पिवळा द्राव लाल होतो.

नेहमीची रासायनिक तपासणी विचारते, अमुक नावाचे द्रव्य आहे काय? पेशी नाव विचारीत नाही, परिणाम सांगते. कारखानदारांना पहिलाच प्रश्न का सोयीचा, हे उघड आहे. युरोपीय संघाने २०२० पासून पावत्यांच्या कागदात बिस्फेनॉल-एवर निर्बंध घातले, तर त्याची जागा त्याच कुळातील बिस्फेनॉल-एसने घेतली. (दिवसभर पावत्या फाडणाऱ्या रोखपालाला या बारशाचे काय कौतुक!)

परंतु हा दोष केवळ खासगी भांडवलाचा, असे समजून समाजवाद्यांनी निश्चिंत राहू नये. कासरगोडच्या काजूबागांवर सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले, ते केरळ शासनाच्याच मालकीच्या महामंडळाने. पद्रे गावातील मुलांची लैंगिक वाढ लांबल्याचे व संप्रेरकांचे प्रमाण बदलल्याचे राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. तोवर फवारणी थांबलीही होती. मालकी सार्वजनिक होती. मोजमाप मात्र फवारणाऱ्यांच्या मर्जीवर होते.

यीस्ट सर्वज्ञ नव्हे. पुरुषसंप्रेरके, थायरॉइड यांच्यासाठी निराळ्या चाचण्या लागतात. पाणी फारच विषारी असेल तर पेशीच मरते, आणि द्राव पिवळाच राहतो. म्हणून रंग न बदलणे हा निर्दोषत्वाचा दाखला मानता येणार नाही. रंग बदलला तर मात्र सिद्धतेचा भार उत्पादकावर टाकणारा कायदा हवा. नमुने घेण्याचा अधिकार ग्रामपंचायतींना व कामगार संघटनांना हवा, आणि निकाल गावच्या फलकावर लागला पाहिजे. आज गावकऱ्याने आपला आजार सिद्ध करावयाचा आणि मग भरपाईची वाट पाहावयाची, असा न्याय आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये एंडोसल्फानपीडितांना प्रत्येकी ५ लाख रुपये तीन महिन्यांत देण्यास सांगितले होते. मे २०२२ मध्ये त्याच न्यायालयापुढे आलेला हिशेब असा: पीडित ३,७०४, भरपाई मिळालेले ८.