अंदमानातले शंख अंदमानातच राहू द्या

सुट्टीत सेल्युलर जेलसमोर हात जोडायला तुम्ही मुलाबाळांसह अंदमानला निघाला असाल. जरूर जा. पण बॅग भरायच्या आधी एक विनंती ऐका. तिथे कुणी चकचकीत शंख पुढे केला, तर घेऊ नका.

ती चकाकी येते कुठून? मेलेल्या समुद्री गोगलगायीचा शंख लाटांनी घासून फिका पडतो. झळाळी हवी म्हणून गोगलगाय जिवंतच धरतात आणि मांस काढून टाकतात. तीही सगळ्यांत मोठी, वीण देणारी. बियाण्याची कणसंच भाजून खाल्ली, तर मृगाला पेरायचं काय?

ट्रोकस नावाच्या शंखाचंच बघा. बटणांसाठी तो बेसुमार उपसला गेला. नर-मादी आपापलं बीज पाण्यात सोडतात. जवळ जोडीदार नसला, की ते वाया जातं. पिल्लं जेमतेम काही दिवस तरंगतात आणि खडकाला चिकटतात. त्यामुळे ओस पडलेला खडक दूरच्या बेटावरून सहसा भरून येत नाही. उरलेल्या मोजक्यांत नात्यातल्या नात्यात वीण होते, पिढीगणिक जनुकांतलं वेगळेपण आटतं. १९९८ आणि २०१० मध्ये समुद्र तापून तिथली प्रवाळं पांढरी पडली होती. पुन्हा तसं झालं, तर तो ताप सोसणारी एखादी तरी गोगलगाय उरायला हवी ना? तिला तिथेच राहू द्या.

ट्रायटन नावाचा मोठा शंख तर प्रवाळाचा राखणदार. प्रवाळ कुरतडणारा काटेरी तारामासा तो खातो. प्रवाळ गेलं, तर लाटा थेट किनाऱ्यावर येतील आणि मासळीला आसरा उरणार नाही. मच्छीमाराच्या घरी मग चूल कशावर पेटायची?

ट्रायटनला २००१ पासून वन्यजीव कायद्याचं सर्वांत कडक संरक्षण आहे. त्याचा व्यापार गुन्हा आहे. पण प्रत्येक किनाऱ्यावर पहारा कोण ठेवणार? तिथे तुम्हीच असता. प्रवाळावर पाय देऊ नका. उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेवा. मुलांना शंख पाण्यातच दाखवा, तो हळूच सरकताना. रिकामा दिसला तरी उचलू नका, खेकडे त्यात घर करतात. चोरटी विक्री दिसली, तर वनखात्याला कळवा.

आणि आजच सहलवाल्यांना फोन करा. शंखांच्या दुकानापाशी आमची गाडी थांबवू नका, असं स्पष्ट सांगा.