चेन काढली तरी २८ वॅट!

आधीच सांगून टाकतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं कॅलिब्रेशन संपादक मंडळाने करून घ्यावं ही विनंती.

प्रॅक्टिकलची रीडिंग्ज कशी 'येतात' हे हॉस्टेलवर कुणाला सांगायला नको. आधी ग्राफ काढायचा, मग त्यावरून टेबल भरायचं. सिनियरचं जर्नल हाताशी असलं की मशीन चालू करायचीही गरज नाही. मीपण केलंय. पण मिनी प्रोजेक्टमध्ये हीच सवय अंगाशी आली.

आम्ही सायकलचा पॉवर मीटर बनवला. जर्मनीत उलरिश शोबरर यांनी १९८६ साली असे मीटर बनवणारी कंपनी काढली. आमचं मॉडेल म्हणजे त्याचा अगदीच गरीब चुलतभाऊ. डाव्या क्रँकवर स्ट्रेन गेज, टॉर्क गुणिले कोनीय वेग म्हणजे पॉवर, आणि उजवा पायही तेवढाच जोर लावतो असं धरून उत्तर दुप्पट. पहाटे थंडीत झीरो घेतला, रूममेट घाट चढून भर उन्हात परत आला. आकडे बघून सगळे खूश, रिपोर्टसुद्धा लिहून झाला.

मग एकाने सहज चेन काढून पेडल गरगर फिरवलं. ९० आरपीएमला २८ वॅट! नुसत्या हवेत!!

क्रँक आडवा धरून पेडलला १० किलोचं वजन टांगलं. क्रँक १७० मिलिमीटरचा, म्हणजे १६.७ न्यूटन-मीटर यायला हवे. आले १८.२. झीरो नव्याने घेतल्यावर बरोबर १६.७. म्हणजे स्लोप ठीक होता, उन्हाने झीरोच दीड न्यूटन-मीटर सरकला होता.

"सगळं ०.९ ने गुण ना, कोण बघतंय?" पार्टनर म्हणाला. इथेच माझं भांडण आहे. झीरोची चूक टक्क्यांत नसते, ती वेगाबरोबर वाढते. दीड न्यूटन-मीटरने ६० आरपीएमला १९ वॅट वाढतात, ९० ला २८. चढावर ६० आरपीएमला दिसलेले २०९ खरे १९०; ०.९ ने गुणले तर १८८, चक्क जमून जातं! पण सपाटीवर ९० आरपीएमला दिसलेले १४८ खरे १२० असतात, आणि गुणाकार सांगतो १३३. स्लोप चुकला असता तर गुणाकार बरोबर ठरला असता. चूक कुठली ते न शोधता आकडा गोड करणं म्हणजे जर्नल भरणंच झालं.

सर म्हणाले, "दुरुस्ती केलीत म्हणजे डेटा बदललातच ना?" प्रश्न रास्त आहे. बदलला, पण का आणि किती ते लिहून, आणि मूळ फाइल तशीच ठेवून. अडचण वेगळीच आहे. झीरो आम्ही फक्त सुरुवातीला आणि शेवटी बघितला. मधे तो कधी सरकला ते कळायला मार्ग नाही. वाटेत दोनदा चहाला थांबले होते पठ्ठे, तेव्हा पाय पेडलवरून काढून अर्धं मिनिट झीरो बघितला असता तर! त्यामुळे ग्राफवर आता एक रेष नाही, जाड पट्टा आहे. दिसायला भिकार दिसतो.

ओरल पुढच्या आठवड्यात आहे. पार्टनर अजून म्हणतोय जुनाच ग्राफ लाव. मी पट्टावाला लावलाय, आणि तो माझ्याशी मेसमध्येसुद्धा बोलत नाहीये.